तेराव्याची हुग्गी

पाच मे दोन हजार या दिवशी जग बुडणार होतं. ते काही बुडलं नाही, पण मन्मथप्पा त्याच्या पाच दिवस आधीच गेले.

चौसाळ्याच्या बसस्टँडसमोर त्यांचं भांड्यांचं दुकान होतं. माणूस व्यवहाराला चोख. घागर वाजवून बघितल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा नाही. पण सिद्धाराम महाराजांचा शब्द त्यांनी कधी वाजवून बघितला नाही. पाडव्याला महाराजांनी मठात सांगितलं, ग्रह एका रांगेत येतायत, टीव्हीवालेसुद्धा तेच सांगतायत, वैशाख लागला की प्रलय. तरायचं असेल तर महिनाभर देह कोरा ठेवा. गोळी नाही, सुई नाही. ज्याच्या अंगात औषध, त्याचा हातातल्या इष्टलिंगावर विश्वास नाही.

बारा वर्षं रोज सकाळी इन्सुलिन टोचून घेणाऱ्या मन्मथप्पांनी पाडव्यापासून सुई बंद केली.

ईश्वरी, त्यांची एकुलती लेक, अंबाजोगाईला कॉलेजच्या ग्रंथालयात होती. तिला कुणी कळवलं नाही. "तू चार बुकं वाचलेली. वाद घातला असतास," अव्वा, तिची आई, नंतर म्हणाली. ईश्वरी पोचली तेव्हा अप्पांच्या श्वासाला नासक्या फळासारखा वास येत होता आणि ते तिला ओळखत नव्हते. दुसऱ्या दिवशी लिंगायत रीतीनं त्यांना समाधीच्या खड्ड्यात मांडी घालून बसवलं, डाव्या तळहातावर लिंग ठेवलं, बेल आणि भस्म गळ्यापर्यंत आलं, तेव्हाही ती रडली नाही. बघत राहिली.

मग तो पाच तारखेचा दिवस उजाडला. एसटीडी बूथवर सकाळपासून रांग लागली. जो तो पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांना शेवटचं बोलून घेत होता. बंकट हॉटेलवाल्यानं आदल्या दिवशीच सगळ्या कोंबड्या कापून खाल्ल्या होत्या. दुपार झाली, दिवेलागण झाली, बीडची गाडी नेहमीसारखी अर्धा तास उशिरा आली. दुसऱ्या दिवशी सूर्य उगवल्यावर माणसं एकमेकांकडं बघून ओशाळली. मग चिडली.

"माझ्या कोंबड्या आता काय महाराज उबवून देणार हाय का बे?" बंकट चौकात ओरडत होता.

महाराज दोन दिवस मठाबाहेर पडले नाहीत. तिसऱ्या दिवशी बाहेर आले आणि म्हणाले, प्रलय आला होता. मन्मथप्पानं तो आपल्या अंगावर घेतला. तेराव्याला त्यांच्या समाधीवर शिळा बसवू: 'येथे प्रलय थांबला'.

चिडलेली माणसं गप्प झाली. काही तर रडली. संध्याकाळी मठात पाय ठेवायला जागा नव्हती. अव्वानं, म्हणजे शांतादेवींनी, नवरा गेल्यापासून पहिल्यांदा पोटभर भाकरी खाल्ली.

"बघ, वाया न्हाई गेले तुझे अप्पा," ती ईश्वरीला म्हणाली.

ईश्वरीनं मान हलवली. त्याच रात्री दवाखान्यातला कंपाउंडर धुळाजी मागच्या दारानं आला आणि उंबऱ्यावरच बसला.

"ताई, सांगितल्याबिगर मला झोप न्हाई यायची. अप्पांची सुई मीच द्यायचो. आन महाराजांचीबी."

"कसली?"

"तीच. साखरेची. आठ वर्सं झाली. अप्पांनी पाडव्याला बंद केली. महाराजांचा एक दिवस चुकला न्हाई. पाच तारखेलाबी टोचली, सकाळी सातला."

 अव्वाला सांगावं, असं एकदा ईश्वरीच्या मनात आलं. पण अव्वा ऐकून म्हणाली असती, धुळाजी खोटं बोलतो. गावही तेच म्हणालं असतं. हे कुणाच्या तोंडून ऐकण्याचं नव्हतं, डोळ्यांनी बघण्याचं होतं.

"धुळाजीकाका," ती म्हणाली, "तेराव्याला जेवायला या. महाराजांची सुई घेऊनच या. फक्त सकाळी मठात जाऊ नका."

तेराव्याच्या शिवगणाराधनेचं, म्हणजे पंगतीचं, आमंत्रण द्यायला ती स्वतः मठात गेली. महाराजांच्या पायांवर डोकं ठेवलं. "आमच्या घरचा पहिला घास तुम्ही घ्यावा," म्हणाली. महाराज प्रसन्न झाले.

तेराव्या दिवशी सकाळी सहालाच तिनं वाजंत्री मठाच्या दारात उभी केली. महाराजांना एकांत मिळाला नाही. उन्हात तीन तास मिरवणूक चालली. मागं बैलगाडीत, पिवळ्या कापडाखाली, शिळा. दारात अव्वानं महाराजांचे पाय धुतले आणि ते पाणी तांब्यात धरलं. पंगत उठली की ते सगळ्यांच्या तळहातावर द्यायचं, उरलेलं समाधीवर शिंपडायचं.

मांडवात दोन-तीनशे माणसं बसली. महाराज मधोमध, चौरंगावर. धुळाजी उशिरा आला. ईश्वरीनं त्याच्या हातातला थर्मास काढून घेतला आणि त्याला समोरच्या रांगेत बसवलं. महाराजांनी त्याच्याकडं बघितलं, भुवई उचलली. धुळाजी आपल्या ताटाकडं बघत राहिला.

ईश्वरीनं हुग्गीचं पातेलं स्वतःच्या हातात घेतलं. गव्हाची, गुळाची खीर, वर तूप. प्रसाद पानात टाकायचा नाही, ताट धुऊन ते पाणीही प्यायचं, ही त्यांची रीत. महाराज तर प्रवचनात सांगायचे, जो एक शीत टाकेल तो शिवाला लाथ मारेल.

तिनं एक वाढणी वाढली. महाराजांनी खाल्ली. दुसरी वाढली.

"बस्स, बाळ."

"अप्पांच्या नावाची आहे, महाराज."

दुसरी संपली. तिसरी तिनं काठोकाठ वाढली. महाराजांच्या कपाळावरचं भस्म घामानं ओघळायला लागलं. त्यांनी पाणी मागितलं, तांब्या संपवला, पुन्हा मागितलं.

"अव्वाच्या नावाची," ईश्वरी म्हणाली आणि चौथी वाढली.

अव्वा शेजारी बसून पंख्यानं वारा घालत होती. "घ्या महाराज. ते असते तर त्यांनी लई आग्रह केला असता."

महाराजांची बोटं हुग्गीत थांबली. ते पुढं वाकले, ओठ न हलवता म्हणाले, "पोरी, धुळाजीला आत पाठव. मी हात धुऊन येतो."

"ताटावरून उठणार, महाराज?" ईश्वरीनं मोठ्यानं विचारलं. पंगतीच्या माना वळल्या. "काही हवंय का? इथंच आणते."

ती आत गेली. पितळेचं ताट अप्पांच्या दुकानातलं होतं. त्यावर तिनं बेलाचं पान ठेवलं, थर्मासमधली बाटली ठेवली, सुई ठेवली, आरतीसारखं दोन्ही हातांत धरून ती मांडवात आली आणि महाराजांपुढं गुडघ्यावर बसली.

"तुमची सकाळची राहिली आहे."

पंगतीतले हात ताटांतच थांबले.

"ही कसली थट्टा?" महाराज म्हणाले.

"थट्टा असेल तर घेऊ नका. अप्पांनी पंचवीस दिवस घेतली नाही. तुम्ही एक दिवस राहून दाखवा. नाहीतर दंड पुढं करा."

महाराज ताटाकडं बघत राहिले. त्यांच्याइतकं त्या मांडवात कुणालाच माहीत नव्हतं, सुईवाचून काय होतं ते. मन्मथप्पा रोज मठात येऊन बसायचे, तेव्हा त्यांनी ते जवळून बघितलं होतं. तांब्यात पाणी उरलं नव्हतं. त्यांनी एकदा चारी बाजूंना नजर फिरवली आणि हळूहळू भगवी बाही वर सारली.

धुळाजी उठला. सवयीच्या हातानं त्यानं सुई भरली आणि टोचली.

"महाराजांनी अप्पांचा आजार अंगावर घेतला गं बाई!" भिवराबाईनं मागून हंबरडा फोडला आणि हात जोडले.

"आठ वर्सांमागंच घेतला व्हय, मावशी?" धुळाजी सुई पुसत म्हणाला. "तवापासून मीच टोचतोय."

बंकट आधी हसला. मग सगळीकडून हसू फुटलं, कुणीतरी शिवी घातली, दोघं-चौघं ताटं धुवायच्या आत उठून गेले.

ईश्वरी त्यांच्याकडं बघत नव्हती. ती अव्वाकडं बघत होती. अव्वाचा पंखा कधीच थांबला होता. ती महाराजांच्या दंडावरच्या त्या बारीकशा रक्ताच्या ठिपक्याकडं बघत होती. रोज सकाळी बारा वर्षं तिनं तसाच ठिपका पदरानं पुसला होता.

"कावून बंद करायला सांगितलं मग त्यांना?" ती म्हणाली. एवढंच. उत्तराची वाट न बघता उठली, पाय धुतलेल्या पाण्याचा तांब्या उचलला आणि मोरीत उलटा केला. मग बाहेर जाऊन गाडीवानाला म्हणाली, "तो दगड माघारी न्या."

महाराज उठायला लागले.

"बसा, महाराज," ईश्वरी म्हणाली. "हुग्गी उरली आहे. प्रसाद टाकायचा नसतो."

ते बसले. मांडव रिकामा होत गेला, आणि ती समोर बसून शेवटचं शीत संपेपर्यंत बघत राहिली. मग ताट धुवायला तिनं ताटातच त्यांच्या हातावर पाणी ओतलं. ते पाणी प्यायचं, हे तिला सांगावं लागलं नाही. ते प्याले.