दुसऱ्याची कॅसेट

"तात्या, भूषणची कॅसेट आलीया म्हणं! आणा की. लावू आत्ता, चार वस्त्यांत आवाज गेला पायजे!"

मानसिंगनं हे माइकवरूनच विचारलं, म्हणजे अर्ध्या माळेगावानं ऐकलं. मानसिंग मंडप-लाउडस्पीकरवाला. माणूस भला, पण माइक हातात आला की त्याच्या पोटात काही राहत नसे. शहाण्णव सालची जयंती, चौदा एप्रिल. दुपारचे चार वाजलेले, विहारापुढचा मंडप भरत आलेला, बाया पांढऱ्या साड्या नेसून बसलेल्या. मिरवणुकीला अजून तासभर अवकाश होता. पहिल्या रांगेतल्या साहेबराव साबळ्यांनी हात हलवला.

"आसू दे रं. मागनं बघू," ते म्हणाले.

"मागनं कवा? पोस्टमन म्हणत व्हता, म्हैना झाला यिऊन. पेटीत घालून काय तिला पिल्लं व्हणार हायत?"

मंडपात हशा पिकला. साहेबरावांची आत्या, ऐंशीला टेकलेली दगडाबाई, खांबाला टेकून बसली होती. ती म्हणाली, "आण की रं सायबा. नातवाचं भीमगीत ऐकून तरी मरू दे मला."

आता हे भीमगीत कुठून आलं, ते सांगायला हवं. ते साहेबरावांनीच आणलं होतं.

मुलगा बुद्धभूषण डिप्लोमाला पुण्याला गेला, आणि चार वर्षांमागं डिप्लोमा अर्धा टाकून चार केसाळ पोरांबरोबर ड्रम वाजवायला लागला. इंग्रजी गाण्यांचा बँड, नाव 'ब्लॅक बॉयलर'. हेवी मेटल म्हणतात म्हणे त्या गाण्यांना. साहेबरावांना मेटल ठाऊक ते कारखान्याच्या वर्कशॉपातलं. पण ड्रम हा शब्द कानावर पडला आणि ते जेवत्या ताटावरून उठले. "बडवायचंच आसंल तर ह्या घरात पाऊल टाकायचं न्हाय," असं म्हणाले. पोरगं बापाच्याच वळणाचं. त्यानं टाकलं नाही. ताईबाई असती तर दोघांच्या मध्ये पडली असती, पण तिला जाऊन आठ वर्षं झालेली. घरात साहेबराव एकटे, चुलीवर दोन भाकऱ्या थापायच्या, एक सकाळी खायची, एक रात्री. वस्तीत कुणी विचारलंच तर सांगायचं, भूषण पुण्याला भीमगीतांच्या पार्टीत हाय. एकदा सांगितलं आणि मग दर वेळी सांगावं लागलं. खोटं बाळगायचं म्हणजे त्याला रोज चारा घालावा लागतो.

बडवणं या शब्दाची त्यांना एवढी चीड का, हे वस्तीतल्या तरण्या पोरांना ठाऊक नव्हतं. साहेबरावांचा बाप सोमनाथ हलगीचा बादशहा होता. तेव्हा ते कॅनॉलकाठच्या एका लहान खेड्यात राहत. पाच गावांच्या जत्रा, लग्नं, मयती सोमनाथाच्या हलगीशिवाय हलत नसत, आणि एवढं वाजवून मिळायचं काय, तर लांबून टाकलेली शिळी भाकरी. छप्पन्न साली धम्म घेतला, तेव्हा अठरा वर्षांच्या साहेबानं चावडीपुढं उभं राहून सांगितलं, "आजपासनं आमची हलगी बंद." गावानं कामं तोडली, गिरणीवाला दळण घेईना, सहा महिने घरात जातं फिरलं. साहेब हटला नाही. बापानं खुंटीवरची हलगी काढून मुकाट त्याच्या हातात दिली. एवढंच म्हणाला, "हलगी टाकशील रं. ही बोटं कुठं टाकू?"

साहेबानं हलगी कॅनॉलात टाकली. बुडेल असं वाटलं होतं, ती बुडाली नाही, तरंगत तरंगत वळणाआड गेली. पुढं साहेब शिकला, साहेबराव झाला, साखर कारखान्याच्या काट्यावर क्लार्क लागला. उसाच्या गाड्या काट्यावर घ्यायच्या, वजनाच्या पावत्या फाडायच्या. वस्तीतला खुर्चीवर बसलेला पहिला माणूस. तीस हंगाम ती खुर्ची त्यांनी सांभाळली आणि गेल्या साली मानानं रिटायर झाले. अशा माणसाच्या पोरानं पुन्हा बडवायला घ्यावं?

मार्चात ते पाकीट आलं. कॅसेटचं कव्हर काळंभोर, त्यावर धुराडं काढलेलं आणि नाव 'क्रशिंग सीझन', म्हणजे गाळप हंगाम. साहेबरावांना आधी वाटलं, कारखान्याचीच काही जाहिरात असेल. आत चिठ्ठी होती.

"तात्या, आमची पहिली कॅसेट निघाली. पुण्याच्या एका पेपरात चार ओळी आल्या, त्यांना आवडली नाही. कानाला त्रास म्हणून लिहिलंय. कॉलेजात कार्यक्रम केला तर निम्मी पोरं उठून गेली. दुकानदार म्हणतात, खपत नाही. त्याचं मला काही नाही. तुम्ही एकदा ऐका. पटली तर कळवा, जयंतीला घरी येईन. नाही पटली तर नाही येणार."

साहेबरावांच्या घरात टेप होता. रोज सकाळी त्यावर वंदना लागायची. तीन वेळा त्यांनी कॅसेट टेपात घातली आणि बटण न दाबताच काढली. नाही आवडली तर तसं लिहावं लागेल, ही एक भीती. आणि आवडली तर? ती भीती त्याहून मोठी होती. शेवटी एप्रिल लागल्यावर त्यांनी पोस्टकार्ड घेतलं, पत्ता लिहिला, आणि मजकुरात एकच अक्षर लिहिलं, "ये." काट्यावरच्या माणसाची सवय, पावतीवर लागतं तेवढंच लिहायचं. कॅसेट न ऐकता धाडलेलं ते 'ये' पुण्यात कसं वाचलं जाईल, हे त्या भल्या माणसाच्या ध्यानातच आलं नाही.

कार्ड टाकल्यापासून ते रोज फाट्याकडं बघत होते. आजही सकाळपासून चार गाड्या येऊन गेल्या होत्या, भूषण आला नव्हता.

"तात्या, जाताय का मी जाऊ पेटी फोडायला?" मानसिंग पुन्हा माइकवर.

साहेबराव उठले. नाही म्हणता आलं असतं, टेपानं खाल्ली म्हणता आलं असतं. पण खरं सांगायचं तर त्यांना मोह झाला. जयंतीच्या मंडपात, भरल्या वस्तीपुढं, आपल्या पोराचं नाव कर्ण्यावरून निघेल. दोन मिनिटं वाजेल, इंग्रजी कुणाला कळतंय? ते घरी गेले आणि कॅसेट घेऊन आले.

"आपल्या वस्तीचे सुपुत्र," मानसिंगनं सूर लावला, "बुद्धभूषण साहेबराव साबळे, पुणे, यांची कॅसेट सादर करीत आहोत!"

टाळ्या पडल्या. साहेबरावांनी मान खाली घातली, पण छाती भरून आली होती.

आधी नुसती खरखर आली. मग लोखंडी पत्र्यावर करवत चालवावी तसा आवाज कर्ण्यातून फुटला आणि त्यावर कुणीतरी घसा फाडून ओरडायला लागलं. लहान पोरांनी आनंदानं उड्या मारल्या. बायांनी कानांत बोटं घातली. मंडपातलं कुत्रं खुर्च्यांखालून पळत सुटलं.

"आरं, मशीन बिघडलं का काय?" मागून कुणी म्हणालं.

"भीमगीत हाय व्हय हे? ह्याला काय पोटात दुखतंय?"

हसू पसरत गेलं. साहेबरावांचे कान तापले. तेवढ्यात करवत थांबली, ओरडणं थांबलं आणि एकटा ड्रम वाजू लागला. एक जड ठोका, दोन हलके, मध्ये श्वासाएवढी जागा, आणि मग घाईनं तीन. हे त्यांच्या ओळखीचं होतं. चाळीस वर्षांमागं कॅनॉलातून वाहून गेलेलं हे इथं, विहारापुढं, या कर्ण्यातून परत आलं होतं. खांबाजवळ दगडाबाईनं मान वर केली.

लोकांचं हसणं त्यांनी कदाचित सोसलं असतं. ती ओळख सोसवली नाही. ते स्टेजवर चढले, टेपाचं बटण दाबलं आणि मानसिंगच्या हातातून माइक घेतला.

"ही आपली न्हाय," ते म्हणाले. "भूषणची न्हाय ही. चुकून दुसऱ्याची कॅसेट आलीया."

"तरीच!" मंडप मोकळा झाला. मानसिंगनं झटकन नेहमीची कॅसेट चढवली.

साहेबराव खाली येऊन बसले. दोन गाणी वाजून गेल्यावर ज्योत्स्ना समोर उभी राहिली. ही त्यांची लेक, इंदापूरला दिलेली, जयंतीसाठी आलेली. हापशावर पाण्याला गेली होती. हातातली घागर रिकामीच होती.

"तात्या, भूषण आलता."

"आँ? कुठाय?"

"हापशापाशी हुबा व्हता, माझ्याजवळ. चालत आला फाट्यावरनं. पांढरा शर्ट घातलेला. केस कापून आलता, तात्या."

"मंग?" साहेबराव उठून उभे राहिले.

"मंग काय? मानसिंगानं त्याचं नाव घेतलं तवा केवढा हसला! म्हणला, 'अक्का, तात्यांनी ये म्हणून लिवलं. त्यास्नी आवडली.' आन् मंग तुमी माइकवर बोलला." तिनं पदर डोळ्यांना लावला. "मी हाताला धरलं. म्हणला, तात्या म्हणत्यात ती दुसऱ्याची हाय, म्हंजे आसंल. मी फाट्यापतुर मागं गेले, पर पुण्याची गाडी लागलेलीच व्हती."

साहेबराव फाट्यापर्यंत गेले. धोतराचा सोगा हातात धरून साठीच्या घरातला माणूस जेवढं पळू शकतो तेवढं पळाले. फाट्यावर रसवंतीवाला तेवढा होता. "पुण्याची? गेली की मगाच," तो म्हणाला. मागं वळून आले, तोवर मिरवणूक निघाली होती आणि जयंती कमिटीचे अध्यक्ष म्हणून साहेबरावांनी पुढं चालायचं होतं. ते चालले. गळ्यात हार घालून साऱ्या वस्तीच्या पुढं चालले, आणि एवढं एकटं त्यांना रिकाम्या घरातही कधी वाटलं नव्हतं.

सकाळी ज्योत्स्ना इंदापूरच्या गाडीत बसली. जाताना बापाच्या पायाला हात लावला तेवढा. साहेबराव विहाराच्या पायरीवर येऊन बसले. मंडप उतरत होता, मानसिंग वायर गुंडाळत होता. दगडाबाई काठी टेकत आली आणि शेजारी बसली.

"काल वाजली ती माझ्या दादाची, तुझ्या आबाची चाल व्हती," ती म्हणाली. "पालखी उठायच्या वक्ताची."

"आत्या, भूषण जलमायच्या आधी सात वरसं आबा गेला. त्यानं कुठनं ऐकावी?"

"तुझ्याकडनं."

"मी? चाळीस वरसं मी हलगीला हात लावला न्हाय!"

"नसशील लावला. पर ताट वाढीस्तवर तू काय करतोस रं? ताईबाई किती चिडायची! म्हणायची, आत्या, ह्यांस्नी भूक लागली की ताट बडवित्यात. आन् आत्ता काय चाललंय तुझं?"

साहेबरावांनी खाली पाहिलं. उजव्या हाताची बोटं पायरीच्या दगडावर चालत होती. एक जड, दोन हलके.

त्यांना काट्यावरचं टेबल आठवलं. गाड्यांची रांग लांबली की त्या पत्र्याच्या टेबलावर त्यांची बोटं चालायची. शाळेतून डबा घेऊन आलेला भूषण टेबलाखाली सावलीला बसायचा, पत्र्याला कान लावून. "काय करतो रं तितं?" म्हटलं की म्हणायचा, "गार लागतंय." तीस हंगाम खुर्ची सांभाळली त्यांनी, आणि त्याच टेबलावरून आबाची हलगी पोराच्या कानात ओतली. ही बोटं कुठं टाकू, म्हणाला होता आबा. ती टाकली कुठंच गेली नव्हती.

"तात्या," मानसिंग समोर आला, "ही कालची दुसऱ्याची कॅसेट. पत्ता सांगा, परत धाडायची तर."

साहेबरावांनी ती हातात घेतली, कव्हरवरची धूळ धोतरानं पुसली आणि परत त्याच्याकडं दिली.

"चढीव. आन् माइक दे."

"आता? मंडप रिकामा हाय, तात्या. एकच कर्णा ऱ्हायलाय लिंबावर."

"दे म्हणतो ना."

साहेबराव माइकपुढं उभे राहिले. पुढं रचलेल्या खुर्च्या, तुडवलेली फुलं आणि एक शेळी. त्यांनी घसा साफ केला.

"सर्व बंधुभगिनींना कळविण्यात येतं," काट्यावरच्या कागदासारखी सुरुवात झाली आणि तिथंच अडखळली. "काल जी कॅसेट लावली ती दुसऱ्याची न्हवती. माझ्या बुद्धभूषणची हाय. ड्रम त्योच वाजिवतो. भीमगीत बिमगीत मी खोटं सांगत हुतो चार वरसं. चाल माझ्या आबाची हाय, सोमनाथ साबळ्यांची. आबाला ती भाकरीसाठी वाजवावी लागली. पोरगं सोताच्या मर्जीनं वाजिवतंय. ह्यो फरक मला काल कळाया पायजे व्हता."

घराघरांतून माणसं दारात आली. काखेला पोर, हातात दातवण, अशी सगळी उभी राहिली आणि ऐकत राहिली. ज्यानं ऐकायचं तो एकटाच तिथं नव्हता.

मानसिंगनं बटण दाबलं. काल जिथं बंद केली होती तिथूनच ती सुरू झाली. साहेबरावांनी ढिगातली एक पत्र्याची खुर्ची काढली, उघडली आणि मंडपाच्या मोकळ्या जागेत मधोमध बसले. करवत पुन्हा आली, ओरडणं आलं. ते त्यांना काही आवडलं नाही. मध्येच ड्रम यायचा तेव्हा खुर्चीच्या पत्र्यावर त्यांची बोटं चालायला लागायची, आणि आज त्यांनी ती थांबवली नाहीत. कॅसेटची ती बाजू संपेपर्यंत ते उठले नाहीत.

"तात्या, उलटी करू?" मानसिंगनं हळूच विचारलं.

"कर. आन् कर्णा जरा पुण्याच्या रस्त्याकडं फिरीव."

"तिकडं नुसता ऊस हाय, तात्या."

"आसू दे," साहेबराव म्हणाले. "फिरीव."