तीन दिवसांचे थेंब

"थेंबांनी काम होऊन नाही राहिलं, आजी. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन करा लागन," डॉक्टरीण म्हणाली आणि माझा गोवर्धन लगेच खिशात पेन चाचपू लागला. डोळा माझा आणि सही त्याची! त्या खुर्चीवर मी बसले आहे की कापसाचं बोचकं ठेवलं आहे, हे पाहायची कोणाला गरजच वाटली नाही.

माझ्या मागं सून पौर्णिमा उभी होती. तिनं माझ्या पाठीत बोट खुपसलं. त्या बोटाचा अर्थ आम्हा दोघींनाच ठाऊक होता. थेंबांनी काम होत नव्हतं, कारण थेंब डोळ्यात पडतच नव्हते.

झालं असं की त्या साली होळीच्या सुमारास मी डावीकडच्या वस्तूंना धडकू लागले. दाराची चौकट लागायची, गोठ्यात बैलाचं शिंग लागायचं. समोरचं मात्र लख्ख दिसायचं, सुईत दोरा मी एका झटक्यात ओवायची. म्हणून मी चौकटीलाच शिव्या देत होते. शेजारपाजारचे म्हणाले, मोतीबिंदू असेल, पिकू द्या. पौर्णिमेनं मात्र ऐकलं नाही. तेल्हाऱ्याहून एसटीत बसवून तिनं मला अकोल्याला नेलं.

तिथं ही डॉक्टरीण सबीहा. वयानं पौर्णिमेएवढीच. तिनं डोळे बधिर करायचा थेंब टाकला, माझी हनुवटी एका यंत्रावर टेकवली आणि निळा उजेड पार बुबुळाला लावला. मग म्हणाली, "डावा बत्तीस, उजवा अठ्ठावीस."

"एवढा मोठा चष्मा मी नाही लावत," मी म्हटलं.

"चष्म्याचा नंबर नाही, आजी. डोळ्याच्या आतला दाब हाय. दहा ते एकवीसच्या मधात असला तर बहुतेकांचं ठीक चालते."

"बीपीची गोळी घेते ना मी रोज."

"बीपी वेगळं, हे वेगळं. डोळ्यात पाणी तयार होते आन् बारीक वाटेनं बाहेर जाते. वाट आवळली की पाणी आतच तुंबते. मांगची नस दबते अन् कडेकडेनं मरते. तुमच्या डाव्या डोळ्याची अर्धी मेली. मेली ते जित्ती होत नाही. उजवा वाचवू शकतो."

हे मला पटकन समजलं. काळ्या जमिनीत पाणी साचलं की पराटी, म्हणजे कपाशीचं झाड, दोन दिवस हिरवीच दिसते, मुळं मात्र खाली सडून गेलेली असतात. तिनं आजाराचं नाव सांगितलं, काचबिंदू. एक बाटली दिली. सकाळी एक थेंब, संध्याकाळी एक थेंब, दोन्ही डोळ्यांत, जन्मभर.

जन्मभर म्हटलं आणि माझं मन फिरलं. दुखत नाही, खुपत नाही, अशा दुखण्यावर जन्मभराची बाटली विकणारा माणूस मी गावातच पाहिला होता. कृषी केंद्रवाला खुशालराव. दोन वर्षं त्यानं आमच्याकडून दर आठ दिवसाला पराटीवर फवारा मारून घेतला. अळी दिसो न दिसो, मारा. शेवटी बोंडअळी मजेत राहिली, मधमाश्या मेल्या आणि गोवर्धन फवारा अंगावर घेऊन चार दिवस सरकारी दवाखान्यात ओकत पडला. त्या दिवसापासून माझ्या घरात माझा कायदा आहे. कीड डोळ्यानं दिसल्याशिवाय बाटलीचं बूच उघडायचं नाही.

पण त्या डॉक्टरीण पोरीची बोलणी खायचीही माझी तयारी नव्हती. म्हणून मी कापसाच्या गाडीचा हिशेब लावला.

गाडी भरताना कवडी, म्हणजे किडका पिवळट कापूस, तळाला जातो. पांढराशुभ्र वर. खरेदी केंद्रावर चार चार दिवस गाडी रांगेत उभी राहते, खाली माणूस झोपतो, वर धूळ बसते. मग कापसाची प्रत ठरवणारा ग्रेडर येतो, वरची एक मूठ ओढतो आणि आमच्या वर्षभराच्या मेहनतीची चिठ्ठी फाडतो. सगळं त्याच्या हाती, तर वरचा थर तरी आमच्या हाती असू द्या. सांगायला मला लाज वाटत नाही.

तसेच मी डोळे भरले. अकोल्याची तारीख आली की आधीचे तीन दिवस सकाळ-संध्याकाळ थेंब. एरवी बाटली देवाच्या कोनाड्यात. श्रावणात दाब भरला सोळा. डॉक्टरीण म्हणाली, "शाब्बास, आजी!" मी मान डोलावली. गड जिंकल्यासारखं वाटलं मला.

पौर्णिमेनं एकदाच तोंड उघडलं. "बाई, बाटली उघडल्यावर महिन्यात सरते. नाही सरली तरी फेकून द्या लागते. तुमची पाच महिन्यांपासून अर्धीच हाय."

"दहावीत तुले बाटल्या मोजाले शिकवत होते काय वो?" मी म्हटलं. ती बाटली परत कोनाड्यात ठेवून निघून गेली. तिच्या गप्प बसण्याचा मला तेव्हा आनंद झाला होता.

दिवाळीनंतर हे तिसरं बोलावणं. दाब भरला पंधरा. पण या वेळी डॉक्टरणीनं होळीला केली होती ती दिव्यांची तपासणी पुन्हा केली. एका गोल पांढऱ्या टोपल्यात तोंड घालून बसायचं, समोरच्या ठिपक्यावरून नजर हलवायची नाही, कडेला कुठं दिवा लुकलुकला की बटण दाबायचं. किती तरी वेळ लुकलुकलंच नाही. मला वाटलं यंत्र बंद पडलं.

यंत्र चालूच होतं. डॉक्टरणीनं दोन कागद शेजारी ठेवले, होळीचा आणि आजचा. उजव्या डोळ्याच्या आजच्या कागदावर नाकाच्या बाजूनं काळं चढलं होतं.

"दाब पंधरा असूनही नस मरून राहिली," ती म्हणाली. "म्हंजे ह्या डोळ्याले पंधराही जास्त होते. थेंबांनी याच्या खाली जाणार नाही." आणि तिनं ऑपरेशनचं सांगितलं.

त्या काळ्या डागाकडं मी पाहत राहिले. माझ्या घरात कापूस बाजारात नेते मी, वावराच्या बांधावरून भांडते मी. उजवा डोळा गेला तर मला हाताला धरून बाहेर नेऊन बसवतील आणि कोण आलं ते ओरडून सांगतील. गप्प राहिले तर विनाकारण चाकू. बोलले तर सुनेसमोर, लेकासमोर लबाड.

"पेन खिशात ठेव," मी गोवर्धनला म्हटलं. मग तिच्याकडं वळले. "बाई, तुमचा पंधरा खोटा हाय."

"मशीन खोटं नाही बोलत, आजी."

"मशीन नाही, मी बोलली." आणि मी सगळं सांगितलं. तीन दिवस, कोनाडा, गाडी, वरचा पांढरा थर. आवाज खाली केला नाही. बाहेर बाकावर बसलेल्यांनीही ऐकलं असेल.

"माय!" गोवर्धन ओरडला. "तू डॉक्टरले फसवलं?"

"तू ग्रेडरले फसवतं तवा मी असी वरडते काय रे?"

डॉक्टरीण हसली नाही. तिचे कान लाल झाले होते. "मी तुमच्या डोळ्याले चाकू लावला असता. कशासाठी? नऊ महिने गेले, आजी. एवढ्यात हा डाग थांबवता आला असता."

"मले ठाव हाय माहं चुकलं. डोळा माहा गेला, तुहा नाही," मी म्हटलं. "पण तू तरी काहून इचारलं नाही? एकदा म्हणाली असती, आजी, बाटली दाखवा. सगळी गाडी उघडी पडली असती. तूही वरचीच मूठ पाह्यली अन् चिठ्ठी लिवली."

गोवर्धननं कपाळाला हात लावला. ती पोरगी मात्र म्हणाली, "हे मात्र खरं हाय." त्या क्षणी ती मला पहिल्यांदा आवडली.

"आता थेंब कसा टाकता ते दाखवा," ती म्हणाली.

मी मान मागं टाकली आणि दाखवलं. एक, दोन, तीन. जास्त पडला तर चांगलंच.

"डोळ्यात एकच मावते. बाकीचे गालावरून वाहून जातात," ती म्हणाली. तिनं माझ्याच बोटानं माझी खालची पापणी ओढायला लावली, तिथं खळगा केला. एक थेंब. बाटलीचं टोक डोळ्याला लागू द्यायचं नाही. मग डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटानं दोन मिनिटं दाबून ठेवायचा.

"हे दाबाचं काहून?"

"नाहीतर औषध नाकातून घशात उतरते. कडू लागत होतं ना?"

लागत होतं. श्रावणापासून मी त्याचा दोष पौर्णिमेच्या चहाला देत होते. पौर्णिमा खिडकीबाहेर पाहू लागली, पण तिचे खांदे हलत होते.

"घरात कोणाचे डोळे गेले होते काय?" डॉक्टरणीनं विचारलं. पहिल्या वेळीही विचारलं होतं आणि मी नाही म्हटलं होतं. आता झाकायला काही उरलंच नव्हतं. माझी माय अचलपूरची. शेवटची अकरा वर्षं तिला काही दिसत नव्हतं. म्हातारपण म्हणून आम्ही सोडून दिलं होतं.

"मंग तुमच्या पोराचाही दाब मोजा लागन."

"मले काय झालं?" गोवर्धन दाराकडं सरकला.

"मलेही काहीच झालं नव्हतं," मी म्हटलं. "हनुवटी टेकव." त्याचा सतरा भरला. दरवर्षी यायचं ठरलं.

माझं असं ठरलं. दीड महिना खरे थेंब, मग दाब, पुढं उन्हाळ्यात पुन्हा दिव्यांची तपासणी. डाग वाढला तर ऑपरेशन. "आन् तवा सही मी करीन," मी सांगितलं. "चौथी पास हाय मी. आंगठा नाही."

पहिला आठवडा निम्मे थेंब कानात गेले. पौर्णिमा म्हणाली, "आणा, मी टाकते." मी बाटली दिली नाही. शेवटी खाटेवर उताणं पडून नेम जमला. सकाळी दूध काढून झाल्यावर, संध्याकाळी दिवा लावल्यावर. कोपरा दाबून दोन मिनिटं मुक्यानं बसावं लागतं. घरातल्यांना तेवढीच विश्रांती.

दीड महिन्यानं डॉक्टरणीच्या टेबलावर मी आधी बाटल्या ठेवल्या, एक रिकामी, एक अर्धी. मग हनुवटी टेकवली. उजवा भरला चौदा, आणि या वेळी तीन दिवसांचा नाही, रोजचा. ती म्हणाली, ऑपरेशन सध्या थांबवू, पण गेलेलं परत येणार नाही.

"परत कोण मागून राहिलं?" मी म्हटलं. "आहे तेवढं माहं."

तेल्हाऱ्याच्या स्टँडवर उतरलो तर यजमानांचे चुलतभाऊ शालिकराम डावीकडून कुठून तरी बोलले, "वहिनी, डोळे गेले म्हणे तुमचे? आता घरी बसा, पोराले पाहू द्या बाजार."

हल्ली डावीकडचं पाहायचं तर मला अख्खी मान वळवावी लागते. मी वळवली, सावकाश, ते पूर्ण दिसेपर्यंत. टोपीपासून चपलेपर्यंत एकदा पाहून घेतलं.

"शालिकराम भाऊजी," मी म्हटलं, "धोतराचा सोगा चपलेखाली आला हाय. पाऊल टाकसान तर पडसान."

त्यांनी खाली पाहिलं. आलाच होता.