नखाएवढी फट

चंदनचे हात म्हणजे फावडीच. केळीचा घड खांद्यावर घ्यायला ते हात बरे, पण जुन्या गाडीच्या इंजिनात घालायला काडीचा उपयोग नाही. आणि गडी असा हट्टी, की गाडी मिस्त्रीकडे न्यायचं नाव काढलं तरी कपाळाला आठ्या. त्यांच्या डोईफोडिया गावात धड मिस्त्री नाही, बऱ्हाणपूरचा मिस्त्री गाडी ठेवून घेतो, आणि गाडी दाराशी नसली की चंदनला झोप लागत नसे.

त्याला कारण होतं. मागच्या खेपेला त्याच्या बायकोला, प्रतिभाला, कळा सुरू झाल्या तेव्हा फोन करून बोलावलेली गाडी वेळेवर आलीच नाही. मूल गेलं. त्यानंतर चंदनने ही पांढरी, जुनाट गाडी आणली, मोबाईलवर व्हिडिओ बघून बघून तिचं सगळं काम शिकून घेतलं आणि ठरवून टाकलं की आता कोणाची वाट बघायची नाही. प्रतिभाला पुन्हा दिवस गेले होते. आठवा सरत आला होता.

नवरा-बायकोची कामाची रीत ठरलेली होती. उघड्यावरचे बोल्ट चंदनचे, अडचणीतले प्रतिभाचे. तिचा हात बारीक, मनगट लवचीक. डोळे मिटून ती हात आत सरकवायची, चाचपून बोल्ट आट्यांत बसवायची. चंदन पान्याने आवळायचा. मग ती सांध्यावरून अंगठ्याचं नख फिरवायची आणि नख कुठे शिरलं नाही की म्हणायची, "बसला." तिच्या तोंडून हा शब्द आल्याशिवाय चंदनने कधी बॉनेट खाली घेतलं नव्हतं.

अशात गाडीचा पाण्याचा पंप गळायला लागला. इंजिन थंड ठेवणारं पाणी हाच पंप फिरवतो. तो गेला तर गाडी गेली. चंदनने नवा आणला आणि दुपारी अंगणात बसवायला घेतला. वरचे बोल्ट झटक्यात लागले. मागचा मात्र मेला अशा जागी, की वरून दिसत नाही आणि खालून हात पुरत नाही. त्याच्याशी झटापट करता करता दिवस मावळला, आणि त्या दिवशी चंद्र उगवला तोच ग्रहण लागलेला.

चंदनच्या आईने, धुरपदाबाईने, सुनेला आतल्या खोलीत चटईवर भिंतीकडे तोंड करून बसवलं होतं. हात मांडीवर. ग्रहणात पोटुशीने कापायचं नाही, शिवायचं नाही, गाठ मारायची नाही, की काही पिळायचं नाही.

"मी येऊ का?" प्रतिभाने आतून विचारलं. "दोन मिनिटांचं काम हाये."

"बस गुपचूप!" धुरपदाबाई कडाडली. "बोल्ट पिळणं अन् गाठ मारणं एकच. मागल्या टायमाले काय झालं, भुलून गेली का?"

एरवी चंदन आईच्या या गोष्टींना हसायचा. त्या दिवशी त्याला हसू आलं नाही. "राहू दे, मी करून राह्यलो," तो म्हणाला.

बोल्ट गोटीत, म्हणजे पान्याच्या टोकाला बसवायच्या लोखंडी टोपणात, टिकून राहीना. आत नेला की गळून पडे. मग चंदनला युक्ती सुचली. मोरीच्या मागच्या केळीच्या पानाचा देठ त्याने मोडला आणि टपटप गळणारा चीक गोटीत भरला. केळीच्या चिकाने माखलेले कपडे फेकून द्यावे लागतात, हे त्या भागात शेंबड्या पोरालाही ठाऊक. बोल्ट चिकटला. तरी दोनदा मातीत पडला, दोनदा त्याने तो विजारीला पुसून पुन्हा चीक लावला. शेवटी आट्यांत लागला, थोडा फिरला आणि कडक झाला. त्या चिंचोळ्या जागेत पाना वीतभरही हलत नव्हता. हा कडकपणा आवळल्याचा, की आट्यांत भरलेल्या चिकाचा आणि मातीचा? चंदनला शंका आली. आली म्हणजे चांगली आली. पण पाठ मोडून गेली होती, आणि आत दोघी वाट बघत होत्या.

"झाला टाइट!" त्याने ओरडून सांगितलं.

ग्रहण सुटलं, सगळ्यांच्या आंघोळी झाल्या. प्रतिभा ओल्या केसांनी अंगणात आली. "नख फिरवून बघू?"

"कशाले? पंपाचा पट्टा चढवून झाला, तो परत काढावा लागते. टाइट हाये म्हटलं ना!"

ती 'बसला' म्हणाली नाही. चंदनने बॉनेट खाली घेतलं. गावातून एक चक्कर मारून आणली, पाण्याचा थेंबसुद्धा गळला नाही. मग तो पोटभर जेवला.

कळा वेळेआधीच सुरू झाल्या, भर दुपारी. चंदनने चावी फिरवली आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. त्याला इतका अभिमान वाटला की डोळे भरून आले. मागच्या सीटवर प्रतिभा, तिचं डोकं धुरपदाबाईच्या मांडीवर. बऱ्हाणपूरच्या दवाखान्यापर्यंतचा रस्ता त्याला पाठ होता. पण घाईत त्याने गाडी कधी पळवली नव्हती तशी पळवली. जंगलाच्या पट्ट्यात शिरल्यावर तापमानाचा काटा चढायला लागला. चंदनने आधी तो बघितला नाही आणि मग बघूनही न बघितल्यासारखं केलं. एका चढावर इंजिनमधून करकर आवाज आला, बॉनेटखालून वाफ उसळली आणि गाडी थांबली.

प्यायचं पाणी होतं तेवढं त्याने ओतलं. वरून ओतलेलं पाणी मागच्या बाजूने खाली रस्त्यावर सांडत होतं, ते त्याने डोळ्यांनी पाहिलं. मोबाईलला रेंज नव्हती. आत प्रतिभा ओरडत होती आणि धुरपदाबाई देवीला हाका मारत होती. चंदन रस्त्याच्या मधोमध हात पसरून उभा राहिला. एक मोटारसायकल वळसा घालून निघून गेली. खूप वेळाने केळीचा ट्रक थांबला.

ट्रकच्या केबिनमध्येच मुलगी झाली. ती रडली नाही. दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी तिला तपासलं, फडक्यात गुंडाळून परत दिलं आणि म्हणाल्या, "जरा आधी आणायला हवं होतं."

ट्रॅक्टरने ओढून आणलेली गाडी अंगणात तशीच उभी होती. घरात बायका भेटायला येत होत्या. शेजारची उषाकाकू पदर डोळ्याला लावून बसली होती.

"ग्रहणात मी डोळ्यात तेल घालून बसली होती, उषे," धुरपदाबाई सांगत होती. "पण मी मोरीत गेली तेव्हा हिनं हात घातलाच असेल गाडीत. सवयच हाये हिले. नाही तं दोन्ही लेकरं अशी जातात का?"

उषाकाकूने प्रतिभाकडे पाहिलं. प्रतिभाने चंदनकडे पाहिलं. चंदन उंबऱ्याशी बसला होता. रस्त्यावर सांडणारं पाणी त्या दिवसापासून त्याच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हतं, आणि तरीही गाडीचं बॉनेट उघडायचा धीर त्याला झाला नव्हता. हिने हात घातला नाही, एवढंच म्हणायचं होतं. तो जमिनीकडे बघत बसला. भित्रा माणूस.

प्रतिभा भिंतीला धरून उठली आणि अंगणात गेली. बॉनेट उघडल्याचा आवाज झाला. तो पट्टा, जो परत काढायचा चंदनला कंटाळा आला होता, तो तर तुटूनच गेला होता. प्रतिभाने डोळे मिटले आणि हात आत सरकवला. चंदन उंबऱ्यावरून बघत होता. तिचा अंगठा सांध्यावरून फिरताना त्याला दिसत नव्हता, पण तो कुठे थांबला ते तिच्या चेहऱ्यावर दिसलं. मग तिचं मनगट हळूहळू फिरू लागलं. पाना नाही, काही नाही. नुसत्या बोटांनी.

ती घरात आली आणि बोल्ट तिने चंदनच्या तळहातावर ठेवला. आटे चिकाने काळे पडले होते, त्यात माती बसली होती.

"टाइट होता ना?" ती हळू आवाजात म्हणाली.

"काय दिलं रे तिनं?" धुरपदाबाईने मान उंचावून विचारलं. "चंदन, काय हाये ते?"

सगळ्या बायका त्याच्याकडे बघत होत्या. प्रतिभाही बघत होती, आणि तिच्या नजरेत अजून थोडी आशा होती. चंदनने मूठ मिटली. त्या फावड्यासारख्या हातात बोल्ट पुरता नाहीसा झाला.

"काही नाही, माय," तो म्हणाला.

प्रतिभा आतल्या खोलीत गेली आणि चटईवर भिंतीकडे तोंड करून बसली. ग्रहणाच्या दिवशी बसवली होती तशीच, हात मांडीवर ठेवून.