रत्नाकरांच्या पेशी

पती रत्नाकर गेल्यापासून नीलाताईंना बेंगळुरूच्या मारतहळ्ळीतल्या फ्लॅटमध्ये दिवसभर बोलायला कुणी नव्हतं. कॅनडातून ईशानचा फोन यायचा, पण ‘जेवलीस का?’च्या पुढे मायलेकांना काही सुचायचं नाही.

आजारपणात रत्नाकरांनी आपल्या अस्थिमज्जेचा नमुना रक्ताच्या कर्करोगावरच्या संशोधनाला दिला होता. त्याचं पुढे काय झालं, हे विचारायला नीलाताईंनी एकदा संस्थेत फोन केला. तिथल्या पवित्राने त्यांना बोलावूनच घेतलं. ती बेंगळुरूतल्या जुन्या मराठी घरातली.

“या, अक्का,” तिथल्या कानडी सवयीने म्हणत तिने त्यांना सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं.

नीलाताईंना गोल, एकसारखे ठिपके दिसले.

“या ह्यांच्या पेशी?”

“हो. सहसा शरीराबाहेर जगत नाहीत. या जगल्या.”

“सगळ्या सारख्याच कशा?”

“रक्तपेशी मज्जेत जन्मतात, मोठ्या होतात, काम करतात आणि मरतात. काकांच्या एका पेशीत दोन जनुकं तुटून भलतीच जोडली गेली. ते जोडलेलं जनुक पेशीला मोठंच होऊ देत नाही, नुसतं वाढत राहा म्हणतं. मग कामाच्या पेशींना, रक्त गोठवणाऱ्यांनाही, जागाच उरत नाही.”

नीलाताईंना रत्नाकरांच्या हातांवरचे काळेनिळे डाग आठवले.

“आमचं काही चुकलं होतं का गं?”

“नाही अक्का. कुणाचंच नाही.”

“आणि माझ्या ईशानला होईल?”

“काकांच्या त्या पेशीत हे खूप नंतर घडलं. जन्मापासून नव्हतं, म्हणून मुलाकडे गेलेलं नाही.”

पवित्रा नव्या औषधाबद्दल सांगू लागली. त्याने काही पेशी मोठ्या होत होत्या.

“मोठ्या झाल्यावर?”

“मरतात,” पवित्रा हळूच म्हणाली. “तेच हवंय आम्हाला.”

नीलाताई पुन्हा सूक्ष्मदर्शकात डोकावल्या. मग म्हणाल्या, “जरा ह्या पेशी हातात देशील?”

पवित्राने क्षणभर विचार केला आणि त्यांना हातमोजे घालायला लावून पेशींची बंद बाटली हातावर ठेवली. बाटली कोमट होती.

“अंगाइतकी ऊब ठेवावी लागते त्यांना.”

नीलाताईंनी ती दोन्ही हातांत धरली. ती गार व्हायला लागली तसं त्यांनी स्वतःहूनच परत दिली. “औषध दे त्यांना,” त्या म्हणाल्या.

बसस्टॉपवर येऊन त्यांनी ईशानला फोन लावला.

“आई? काय झालं?”

“काही नाही. बाबांचा आजार तुझ्यात आलेला नाही, एवढंच सांगायचं होतं.”



“तुला विचारायचा धीरच होत नव्हता,” तो म्हणाला. मग त्याला कामावर निघायचं होतं.

बस आली. शेजारची जागा रिकामीच होती. नीलाताईंनी तिथे पर्स ठेवली आणि खिडकीबाहेर बघत बसल्या.