आखूड डबी

त्र्यंबकानं आवाज भरून ठेवायच्या डबीचं तांबडं बटण दाबलं आणि डबी त्याच्याच शब्दांत बोलू लागली, "हॅलो, टेंभी नाक्यावरून त्र्यंबक बोलतोय, हवा छान आहे, आवाज कसा येतोय ते सांगा."

"ही लांब," तो म्हणाला. "अख्खं वाक्य मावतं. आता ही ऐक."

दुसरी डबी "हॅलो, त्र्यंबक बोलतोय" एवढंच म्हणाली आणि गप्प झाली. पण तो आवाज खरोखर त्र्यंबकाचा होता, बोलताना त्याच्या नाकात वाजते त्या बारीक शिट्टीसकट. पहिल्या डबीतला माणूस मडक्यात तोंड घालून बोलत होता.

"दोन्हींत चिप तीच, रे. लांब बोलायचं तर आवाज बिघडतो. आवाज नीट हवा तर बोलणं आखूड. दोन्ही कुठून आणू?"

परशुराम दोन्ही डब्यांकडे बघत बसला. त्याच्या घशात गाठ होती, आणि सोमवारी डॉक्टर ती स्वरयंत्रासकट काढणार होते. आवाज परत यायचा नाही, हे त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं. त्यावर परशुराम "बरं" म्हणाला होता. दुसरं काय म्हणणार बिचारा.

डोंबिवलीच्या त्या दोन खोल्यांत गॅलरीतलं टेबल तेवढं परशुरामाचं. टेबलावर हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी माणसांनी घरबसल्या हवेतून एकमेकांशी बोलायचा सेट, सेटची तार वर गच्चीत. रोज सकाळी कुठकुठली हॅम मंडळी हवेतच एकमेकांची हजेरी घेत. परशुराम आपली कॉलसाइन, म्हणजे सरकारनं दिलेलं हवेतलं नाव, अक्षर अक्षर फोडून पुकारायचा आणि कुणी ऐकतंय का म्हणून विचारायचा. कुणीतरी ऐकत असायचंच. त्र्यंबकाशी त्याची ओळख तशीच झालेली, आधी आवाजाशी आणि पुष्कळ महिन्यांनी माणसाशी.

"पुकारा तेवढा डबीतून, तुझ्याच आवाजात," त्र्यंबक म्हणाला. "पुढच्या गप्पा मोर्सनं, टिकटिक करत. मंडळी सांभाळून घेतील."

परशुरामानं मान हलवली आणि आतल्या दिशेला हाक दिली. "अगं, ऐकलंस का?" हाक घोगरी होती, मध्येच फाटणारी. "त्र्यंबकाला चहा. बिनसाखरेचा."

"ठाऊक आहे मला," आतून आलं. "बिनसाखरेचाच ठेवलाय."

त्र्यंबक हसला. "इतक्या वर्षांत वहिनींचं नाव काही तुझ्या तोंडून ऐकलं नाही. ऐकलंस का, हीच त्यांची कॉलसाइन दिसते."

सगुणा चहा घेऊन बाहेर आली. "नाव कशाला घेतील, भावजी? जगाला अक्षरं फोडून फोडून पुकारतील. मला आपलं ऐकलंस का. आणि धावत येऊन ऐकावं तर काय, चष्मा कुठाय."

त्र्यंबकानं परशुरामाला लांब डबीपुढे बोलायला लावलं. परशुराम कॉलसाइन बोलला, गावाचं नाव बोलला, नमस्कार बोलला. सगळं मावलं. मग बटण दाबून त्र्यंबकानं ते ऐकवलं.

"कोण हे?" सगुणानं विचारलं.

त्र्यंबकानं नुसतं परशुरामाकडे बघितलं. तिलाही मग उमगलं, आणि ती ट्रे हातात धरून तिथंच उभी राहिली.

"टिकटिक मला येत नाही," जराशानं ती म्हणाली. कुणाला म्हणाली कोण जाणे. मग आत जाऊन तिनं धुतलेली भांडी पुन्हा धुवायला घेतली.

परशुरामानं हात पुढे करून आखूड डबी उचलली.

"अरे, यात तुझी कॉलसाइन मावायची नाही. अर्ध्यात तुटेल."

"मावेल तेवढं मावेल."

"आणि एक. डबी एकच गोष्ट धरते. नवं भरलं की जुनं गेलं. सोमवारनंतर काही..." त्र्यंबक थांबला. "विचार करून भर, एवढंच."

ठाण्यापासून टिटवाळ्यापर्यंत कुणाचाही सेट बिघडला की त्र्यंबकाला बोलावणं यायचं. बिघाड सापडला की अर्धं काम झालं, असं तो नेहमी म्हणायचा. इथं बिघाड तर पहिल्याच दिवशी सापडला होता. जिना उतरताना त्याला स्वतःच्या हत्यारांच्या पिशवीचा राग आला.

दिवाळी होऊन गेली. सकाळच्या हजेरीत परशुरामाची कॉलसाइन रोज पुकारली जायची, मंडळी जरा थांबायची आणि मग पुढच्याला पुकारायची. शेवटी एका रविवारी त्र्यंबक पिशवी घेऊन डोंबिवलीला गेला.

दार सगुणानं उघडलं. "या भावजी," म्हणाली आणि लगबगीनं स्वयंपाकघरात गेली. परशुराम खुर्चीत बसला होता. निम्म्यानं उतरला होता. गळ्याला मफलर, मांडीवर शाळेतल्या मुलांची असते तशी पाटी. सेटवर कापड घातलेलं होतं.

"डबी बिघडली का रे?"

परशुरामानं मान हलवली आणि पाटीवर लिहिलं, चालू आहे.

"मग पुकारत का नाहीस? माणसं रोज विचारतात."

परशुरामानं पाटी पुसली. मग लिहिलं, पुकारलं तरी पुढे काय?

मोर्स आहे ना, असं त्र्यंबक म्हणणार होता. मोर्सची कळ सेटशेजारी, त्याच कापडाखाली झाकलेली होती. परशुरामानं ती विसरून लिहिलं नव्हतं, हे त्याला कळत होतं. मग जे येत होतं ते करायला तो उठला. डबी तपासावी, निदान तेवढं तरी.

डबी सेटपाशी नव्हती. ती स्वयंपाकघराच्या दाराजवळच्या फळीवर होती, आवाज येतो ती जाळी स्वयंपाकघराकडे केलेली. तिची वायर सेटला जोडलेलीच नव्हती. तांबड्या बटणाचा रंग मधोमध घासून गेला होता. परशुरामानं हात वर केला, पण तोवर त्र्यंबकानं बटण दाबलं होतं.

"अगं, ऐकलंस का?"

घोगरा, मध्येच फाटणारा, आणि अगदी परशुरामाचा.

"आले," आतून आवाज आला.

सगुणा ओले हात घेऊन बाहेर आली. बटणावर त्र्यंबकाचं बोट तिला दिसलं. त्र्यंबकानं हात मागे घेतला. ती परशुरामासमोर जाऊन उभी राहिली आणि त्याच्या तोंडाकडे बघू लागली. परशुराम तिच्याकडे बघत होता. पाटीकडे त्याचा हात गेला नाही. एखादं वाक्य बोलून व्हावं, तेवढा वेळ ती थांबली.

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली. "बिनसाखरेचाच ठेवलाय."

आणि चहा उतू जाईल म्हणून ती आत गेली.