अंगणच वाकडं

त्या वसाहतीत एकही माणूस धड उभा नव्हता. बाकापाशी गप्पा मारणारे दोघं पालथे पडले होते, फाटकावरचा रखवालदार तळ्यात उताणा झाला होता, आणि सायकलवाली मुलगी सायकल सोडून हिरवळीत तोंड खुपसून बसली होती. झाडांचं तर विचारूच नका. अर्धी बाग मुळासकट आडवी.

"भूकंप झाला का गं इथे?" आर्किटेक्ट बाईंनी खोक्यात डोकावून विचारलं.

कुणीच हसलं नाही. ते मॉडेल जिने केलं होतं, तिने कडेवरच्या बाळाला, म्हणजे ठमीला, नवऱ्याच्या हातात दिलं, पर्समधून चिमटा काढला आणि बोटभर उंचीची ती माणसं एकेक करून उभी करायला लागली. इमारतींची छोटी मॉडेल्स बनवायची हा दोघांचा धंदा. भिंती, छपरं, जिने नवऱ्याचे. झाडं, दिवे आणि माणसं तिची. कॉलेजात असल्यापासून तिच्या हाताची ख्याती होती. तिने चिकटवलेलं झाड ओढून काढायचं तर खालची जमीन सोबत यायची.

बाई तिच्या बोटांकडे बघत राहिल्या. मग हलक्या आवाजात म्हणाल्या, "रागावू नकोस हं. पण बाळ झाल्यापासून हे असंच चाललंय. पूर्वी तुझं एक पान गळायचं नाही. झोप होत नसेल, लक्ष दोन ठिकाणी असेल, मला कळतं. पण पुढचं मॉडेल मुलांच्या हॉस्पिटलचं आहे. सगळी समिती समोर बसणार. तेव्हाही हे असं झालं, तर मला दुसरं कुणीतरी बघावं लागेल."

"नाही होणार," नवरा घाईने म्हणाला.

तिने रखवालदाराला तळ्यातून उचलून फाटकावर उभं केलं. तो किंचित तिरका दिसत होता. आता तो खरंच तिरका होता की बाईंनी म्हटल्यामुळे तसा वाटत होता, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

घरी आल्यावर सासूबाईंनी ठमीला घेतलं आणि सुनेचा चेहरा बघून ओळखलं. "पडली वाटतं परत झाडं?"

"गाडी हादरते, आई," ती म्हणाली. "मी केव्हाची सांगतेय."

"नाचता येईना अंगण वाकडं!" सासूबाई म्हणाल्या. मनाने वाईट नव्हत्या त्या, पण म्हण जिभेवर आली की त्यांना गिळता यायची नाही. "अगं, नवी कोरी गाडी. कशाला हादरेल? तुला तर पाळणा हलला तरी धरणीकंप वाटतो."

हेही खोटं नव्हतं. घरात तिचं नावच काळजीबाई पडलं होतं. ठमी झोपली की तिच्या नाकाशी बोट धरून श्वास चालू आहे ना ते बघायचं, दूध मनगटावर टाकून बघायचं आणि मग दुसऱ्या मनगटावरही टाकून बघायचं, असला तिचा खाक्या. त्यामुळे तिने 'काहीतरी बिघडलंय' म्हटलं की सगळे 'हो, हो' करायचे आणि आपापल्या कामाला लागायचे.

नवऱ्याची पिकअप म्हणजे त्याचा जीव की प्राण. पुढे-मागे माणसांसाठी सीटं, त्यामागे लांबरुंद हौदा, हौद्यावर पक्कं झाकण. मॉडेलं नेण्यासाठी याहून चांगली गाडी शोधून सापडली नसती. आधीची जुनी व्हॅन चालताना भांड्यांच्या कपाटासारखी वाजायची. ती गेली तेव्हा कुणाच्या डोळ्यात पाणी आलं नाही. नव्या गाडीचं स्टिअरिंग हमरस्त्यावर थरथरतं, हे सुरुवातीला त्यालाही जाणवलं होतं. तो सर्व्हिस सेंटरला गेलाही होता, एकदा नाही, अनेकदा. पहिल्यांदा त्यांनी व्हील बॅलन्सिंग केलं. मग टायरची हवा कमी केली. मग 'साहेब, नवीन गाडी आहे, रुळायला वेळ लागतो' असं सांगितलं. शेवटी तर 'पिकअप आहे साहेब, मालाची गाडी, पालखी नव्हे' असं ऐकवलं. आणि दर वेळी गाडी लख्ख धुऊन परत दिली.

"ते तरी काय करणार?" तो म्हणाला. "त्यांच्या ट्रायलमध्ये काही येतच नाही. मलाही आता वाटायला लागलंय की सवयच नाही आपल्याला." मग तिच्याकडे न बघता म्हणाला, "गोंद बदलून बघूया का?"

म्हणजे तोही.

ठमीला मांडीवर घेऊन ती कामाच्या टेबलाशी बसली. एका फळीवर तिने एक झाड चिकटवलं, वाळू दिलं आणि नखाने टिचकी मारली. झाड हललं नाही. फळी उलटी करून आपटली. ठमी दचकली, झाड तसंच. तेव्हा कुठे तिच्या डोक्यात ती साधी गोष्ट आली, जी इतके दिवस सगळ्यांच्या नाकासमोर होती. बाळ झाल्यापासून झाडं पडताहेत, असं बाई म्हणाल्या. खरं होतं. पण ठमी आणि पिकअप घरात आल्या त्या एकाच महिन्यात! दोघींचे पेढे एकत्र वाटले होते. मग दोष एकटीच्या माथी का?

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने ॲक्रिलिकचा एक गुळगुळीत ट्रे घेतला. त्यावर पायाखाली टिकलीएवढी चकती असलेली प्लॅस्टिकची माणसं मांडली. गोंद न लावता, नुसती उभी. गाडीच्या पुढच्या दोन सीटांमधल्या सपाट खोक्यावर ट्रे पट्टीने घट्ट बसवला.

"हे काय नवीन?" नवऱ्याने विचारलं.

"चल तू. हमरस्त्याला."

गावातल्या खड्ड्यांत माणसं डगमगली, एकदोन पडली. ती तिने पुन्हा उभी केली. हमरस्ता लागला. रस्ता आरशासारखा. साठपर्यंत सगळी मंडळी शहाण्यासारखी उभी. काटा सत्तरच्या पुढे सरकला, आणि आधी छत्रीवाला गृहस्थ स्वतःभोवती फिरायला लागला. मग दोन बायका एकमेकींकडे सरकल्या. मग अख्खी पलटण थयथय करत ट्रेच्या कडेकडे निघाली आणि एकेक करून खाली उड्या घेऊ लागली. त्याच क्षणी मागच्या सीटवर गाढ झोपलेली ठमी जागी होऊन रडायला लागली.

"अगं, ही नाचताहेत की!" नवरा ओरडला.

"समोर बघ! आणि वेग वाढव जरा."

नव्वदच्या पुढे गेल्यावर नाच थांबला. उरलेसुरले दोघं उभे राहिले, जणू काही झालंच नाही. वेग उतरताना सत्तर-ऐंशीत पुन्हा धिंगाणा.

नवऱ्याने गाडी कडेला घेतली. मग म्हणाला, "आपण मॉडेल घेऊन नेमके सत्तर-ऐंशीनेच जातो. जपून म्हणून."

"हो ना!"

तिथून थेट सर्व्हिस सेंटर. मॅनेजर गोड बोलणारा माणूस होता, तक्रार ऐकताना मान डोलवायचा. "मॅडम, अशा बाहुल्यांवरून गाडीचं निदान होत नाही हो. पण तुमच्या समाधानासाठी आणखी एक ट्रायल घेऊ. तुम्ही आत एसीत बसा."

ती बसली नाही. ठमीला कडेवर घेऊन काचेपाशी उभी राहिली. पाळण्यातलं बाळ बघण्याची सवय लागलेली नजर ती. पापणी लवणार नव्हती. ट्रायलचा ड्रायव्हर, मोठ्या मिशांचा हसतमुख माणूस, गाडी वळवून शेडपाशी घेऊन गेला. खाली उतरला. शेडमधून वाळूची पोती आणून त्याने हौद्यात रचली. सराईतपणे, रोज अंथरूण घालावं तशी. मग शीळ घालत ट्रायलला निघून गेला.

तो परत आला तसा मॅनेजर हसत पुढे झाला. "बघा मॅडम, लोण्यासारखी चालली. काही नाही."

"ती पोती कशासाठी?" तिने विचारलं.

"कुठली पोती?"

"हौद्यातली. वाळूची."

ड्रायव्हरच उत्तरला, अगदी मोकळेपणाने. "ती होय? रिकामी पिकअप फार उडते, ताई. दिवसभर ट्रायल मारून कंबरेचा पार भुगा होतो. थोडं वजन टाकलं की मऊ चालते. सगळ्याच पिकअपना टाकतो मी."

"आमच्याही गाडीला दर वेळी टाकलीत?"

"दर वेळी!" तो अभिमानाने म्हणाला.

तिने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने कपाळाला हात लावला.

"दादा, आमच्या हौद्यात पुठ्ठा आणि स्पंज असतो," ती म्हणाली. "सगळं हॉस्पिटल उचललं तरी तुमच्या एका पोत्याएवढं भरत नाही. आमची गाडी भरलेली असली तरी रिकामीच असते. आता पोती काढा, आणि साहेब, तुम्ही पुढे बसा."

"मला जरा मीटिंग…"

"बाहुल्यांना तुम्हाला भेटायचंय," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण कडेवरच्या ठमीने मात्र आईकडे चमकून पाहिलं.

पोती उतरली. मॅनेजर पुढे, ड्रायव्हरशेजारी, मधे पुन्हा मांडलेला ट्रे, मागे ती, नवरा आणि ठमी. सत्तर ओलांडताच छत्रीवाल्याने गिरकी घेतली. मॅनेजरने हसू आवरत बघितलं. दुसऱ्याने घेतली. मग सगळी फौज नाचत नाचत कडेला आली आणि मॅनेजरच्या इस्त्रीच्या पँटवर कोसळली. त्याने दाराचं हँडल धरलं, तर तेही थरथरत होतं.

"अरेच्चा," ड्रायव्हर म्हणाला. "हे तर स्टिअरिंगलाही येतंय की."

"परत जाऊन पोती टाका," ती मागून म्हणाली. "म्हणजे शंका नको."

पोती टाकली. तोच रस्ता, तोच वेग. मंडळी जागची हलली नाहीत. मॅनेजर मांडीवर सापडलेली एक छोटी आजी दोन बोटांत धरून तिच्याकडे बघत होता. मान डोलवायचं तो विसरला होता.

गाडी लिफ्टवर चढली. चाकांकडे ताकद नेणारा लांबलचक दांडा, म्हणजे शाफ्ट, दोन तुकड्यांचा होता, आणि मधल्या सांध्याचा आधार कारखान्यातूनच तिरका बसला होता. मागे वजन असलं की हौदा दबायचा आणि सांधा सरळ रेषेत यायचा. वजन नसलं की हौदा उचलला जायचा आणि दांडा वाकड्या कोनात फिरत राहायचा, आणि सत्तर-ऐंशीच्या वेगात त्याचा हिसका सगळ्या गाडीला बसायचा. मॅनेजरने स्वतः खाली वाकून टॉर्च मारला आणि वर येऊन म्हणाला, "मॅडम, माफ करा. आधार आणि शाफ्ट दोन्ही बदलून देतो, वॉरंटीत. आणि…" तो घुटमळला. "तो ट्रे दोन दिवस आमच्याकडे ठेवता का? आणखी काही जणांची अशीच तक्रार आहे. त्यांनाही आम्ही 'मालाची गाडी' म्हणून वाटेला लावलंय."

"ठेवा," ती म्हणाली. "फक्त आजी परत द्या. तिला हॉस्पिटलच्या ओपीडीत उभं करायचंय."

हॉस्पिटलचं मॉडेल निघालं त्या दिवशी सासूबाईही गाडीत बसल्या. हौद्यात पोती नाहीत, गोंद तोच जुना. हमरस्त्यावर काटा सत्तरच्या पुढे सरकला तेव्हा चौघांपैकी तिघांनी श्वास रोखून धरले. चौथी, म्हणजे ठमी, झोपली होती. काटा पंचाहत्तरवर गेला. ऐंशीवर गेला. ठमीच्या गालाचा गोळा तसूभर हलला नाही. आईने सवयीने लेकीच्या नाकाशी बोट नेलं आणि तिचं तिलाच हसू आलं.

समितीच्या टेबलावर खोकं ठेवलं. आर्किटेक्ट बाईंनी झाकण उचललं, नेहमीप्रमाणे धास्तावून, आणि मग हळूहळू वाकल्या. बाग उभी. दिवे ओळीत. ओपीडीच्या रांगेत आजी. चाकांच्या खुर्चीतला मुलगा उतारावर अगदी ठेवला होता तसा. बाईंनी एका झाडाला हलकेच ओढून पाहिलं, आणि खालची हिरवळ सोबत वर यायला लागली तसं पटकन सोडून दिलं.

"काय केलंस तू?" त्या म्हणाल्या. "हात परत आला तुझा!"

"हात कुठे गेलाच नव्हता, मॅडम," ती म्हणाली. बाईंच्या आधी सासूबाईच म्हणाल्या, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, "अंगणच वाकडं होतं हो! आमच्या सुनेने सरळ करून घेतलं."

बाई ओशाळून हसल्या. मग समितीकडे वळून त्यांनी तिची ओळख करून दिली, आणि पुढच्या दोन इमारतींची मॉडेल्सही हीच जोडी करणार असल्याचं तिथेच सांगून टाकलं.

सगळे पांगल्यावर नवऱ्याला मॉडेलमधल्या हॉस्पिटलच्या मुख्य दारात, कमानीखाली, एक बाई दिसली. कडेवर बाळ. आदल्या दिवशी ती तिथे नव्हती. त्याने कौतुकाने बोट लावलं, तर ती अलगद त्याच्या चिमटीत आली.

तो दचकला. "अगं, हिला गोंद लावायचा राहिला!"

"राहिला नाही," ती म्हणाली. "लावला नाही."

तो एकदा त्या बाईकडे आणि एकदा बायकोकडे बघत राहिला. कारण काळजीबाई म्हणून साऱ्या घरात ओळखल्या जाणाऱ्या त्याच्या बायकोने खोक्यात एक माणूस नुसता स्वतःच्या पायांवर उभा करून पाठवला होता, आणि वाटेत एकदाही मागे वळून पाहिलं नव्हतं.

"ठेव तिला परत जागेवर," ती म्हणाली आणि पर्समधून गोंदाची नळी काढली. "आता लावते. परतीला गाडी कोण चालवतंय? आज मला चालवायचीय."