शोधताना

संगीतकाराची बायको फक्त हरवलेली वस्तू शोधताना गायची. ती दातांची डॉक्टर. दिवसभर दुसऱ्यांना तोंड उघडायला लावायची, स्वतःचं मिटून ठेवायची. पण चष्मा सापडेना झाला की खोल्याखोल्यांतून फिरताना तिच्या गळ्यातून असं काही निघायचं, की संगीतकार पेन्सिल घेऊन मागेमागे हिंडायचा. तिला स्वतःला पत्ताच नव्हता. एकदा विचारलं तर म्हणाली, "मी आणि गाणं? डोकं ठिकाणावर आहे ना?"

त्यामुळे तिच्या वस्तू फार हरवत. पहिली सिंफनी घराच्या किल्लीवर झाली, दुसरी डाव्या पायातल्या बुटावर. दुसरीत समीक्षकांना मानवजातीचं एकाकीपण ऐकू आलं. बूट पिठाच्या डब्यात होता.

आता तिसरीचा शेवट तेवढा अडला होता. संध्याकाळपर्यंत तो हातात पडला नाही तर वाद्यवृंदाचे संचालक सिंफनीच कार्यक्रमातून काढणार होते. आणि नेमकी याच आठवड्यात बायको वैतागली. तिने सगळ्याच वस्तू जास्तीच्या आणून ठेवल्या. सकाळी त्याने छत्री लपवली, तिने दुसरी उचलली. चष्मा लपवला, तिने पर्समधून तिसरा काढला. सूर म्हणून नाही. ती गेल्यावर तो येरझारा घालत राहिला. नखं खाऊन संपली, मग पेन्सिलीमागचं रबर खाल्लं.

दुपारी त्याच्या लक्षात आलं, की घरात एकच वस्तू अशी आहे जी तिने जास्तीची आणलेली नाही.

ती दवाखान्यातून परतली तेव्हा तो कपड्यांच्या कपाटात, कोटांच्या मागे, मांडीवर कागद घेऊन बसला होता.

"उस्ताद? जेवलास का रे?"

त्याने पेन्सिल सरसावली. ती स्वयंपाकघरात गेली, न्हाणीघरात डोकावली. गाणं नाही. मग फोनच्या स्पीकरवर त्याला स्वतःची आई ऐकू आली.

"माझ्याकडे कशाला येईल? लग्नात तुझ्या ताब्यात दिला होता. धडधाकट होता तेव्हा."

"आई, चपला इथेच आहेत. पाकीट, फोन, सगळं इथेच."

"फ्रिजमागे बघ. लहानपणी तिथे सापडायचा."

तिने खरंच फ्रिज ओढला. मग पावलं भराभर पडू लागली, त्याच त्या खोल्यांतून पुन्हा. "अरे?" ती म्हणाली. मग त्याचं खरं नाव, जे ती फक्त बँकेत घ्यायची. शेवटी गॅलरीच्या कठड्यावरून खाली वाकली, आणि तिच्या गळ्यातून एक स्वर निघाला. फाटका, एकेक पायरी वर चढत जाणारा. वर्षभर तो हाच शेवट शोधत होता. त्याने एक ओळ लिहिली. दुसरी लिहिली. आणखी दोनच ओळी मिळायला हव्या होत्या, की सिंफनी पुरी.

पण त्या दोन ओळींसाठी न थांबता त्याने लाथेने दार उघडलं आणि गळ्यात हँगर अडकलेला तसाच बाहेर आला.

तिने त्याच्याकडे पाहिलं. मग कागदाकडे. मग पेन्सिलीकडे.

"बूट?"

"मीच."

"किल्ली? अंगठी?"

"अंगठी खरंच हरवली. पण तिच्यावर चांगला मधला भाग झाला."

ती पलंगावर बसली. "मला वाटलं तू खाली पडलास."

"कळलं ते. म्हणून तर बाहेर आलो."

"शेवट झाला का लिहून?"

"नाही. राहू दे आता."

तिने कागद उलटा धरून पाहिला. "ही मी?" तो हो म्हणाला. तेवढ्यात संचालकांचा फोन आला. तो तिनेच घेतला, "देतोय, जरा थांबा," म्हणाली आणि ठेवून दिला.

"जा आत."

"कुठे?"

"कपाटात. दार लावून घे."

तो गेला. बाहेर ती पलंगावरून उठली. मग तिने घसा खाकरला आणि जन्मात पहिल्यांदा मुद्दाम गायली. ताठर, चोरटं, भूल दिलेल्या जबड्यातून यावं तसं. मधेच थांबून तिने दारावर टकटक केली.

"बरं येतंय का?"

"नाही," तो आतून म्हणाला आणि लिहीत राहिला.